सुट्टीनंतरचा कागद

नीता भोये रागावली की तिचा आवाज चढत नाही, खाली बसतो. पोशेऱ्याच्या त्यांच्या पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक आहे. लहान असताना थोरल्या भावाने, भावेशने, तिची पाटी फोडली, तेव्हा ती इतकी हळू बोलली की आईला, म्हणजे बुधीला, जवळ येऊन कान द्यावा लागला. ऐकल्यावर बुधीने भावेशला सोडून आधी नीतालाच धरलं, कारण तिच्या हातात कोयता होता.

तीच नीता बारावीला शास्त्र शाखेत पास झाली आणि जूनमध्ये जव्हारच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. तिचा बाप मंगळू पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन दारापर्यंत आला. आत पुरुषांना मनाई म्हणून ट्रंक पायरीवर ठेवून तो तसाच मागे फिरला.

पहिले तीन महिने तिने नुसता राग गिळला. वर्गात सर इंग्रजीत वाचत जायचे, मध्येच "समजलं ना?" असं मराठीत विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. प्रयोगशाळेत ब्युरेट तिच्या हातात यायच्या आधीच सहायक म्हणायचे, "तू फक्त बघ, फोडशील." सकाळी न्हाणीघरासमोर बादल्यांची रांग. तिची बादली पुढे असली तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली ती पायाने मागे सरकवायच्या. तासाला तिने 'नाय' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'नाय' म्हणायचं आणि सगळी ओळ हसायची. हळूहळू ती वर्गात 'नाही' म्हणायला शिकली, आणि मग बोलायचंच कमी झालं.

खोलीत तिच्यासोबत प्रगती होती, तिच्याच गावच्या पलीकडच्या पाड्यावरची, दुसऱ्या वर्षाला. तिचा भाऊ रूपेश मोखाडा-जव्हार रस्त्यावर जीप चालवायचा. कोणत्या सरांच्या तासाला पुढे बसायचं, वसतिगृहात फोन जमा करायच्या आधी घरी कधी बोलून घ्यायचं, हे सगळं प्रगतीनेच तिला शिकवलं. "पहिलं वर्ष असंच असतं," ती म्हणायची, "सवय होते."

गणपतीची सुट्टी संपवून दोघी परतल्या, तर वसतिगृहाच्या दारावर कागद चिकटवलेला. सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येक मुलीने तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. खाली गृहपाल रावते मॅडमची सही. प्रगतीने वाचलंसुद्धा नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि नीताला म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊन येऊ."

बाजाराच्या मागे एक खाजगी दवाखाना होता, संस्थेच्या ओळखीतला. बाहेर मुलींची रांग. कंपाउंडरने प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा पेला दिला आणि मागच्या संडासाकडे बोट दाखवलं. नीताला वाटलं, काविळीची तपासणी असेल, नाहीतर साखरेची. आश्रमशाळेत असताना अशा तपासण्या व्हायच्या. टेबलावर पांढऱ्या पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली स्केचपेनने आडनाव. कंपाउंडर एकेक पट्टी उचलून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता.

"भोये! निगेटिव्ह. घेऊन जा."

परतताना तिने प्रगतीला विचारलं, "कशाचं निगेटिव्ह ग?"

"वेडीच आहेस. पोटात पोर नाही त्याचं."

नीता रस्त्यातच थांबली. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने शिवी दिली तरी हलली नाही. "माझं तर लग्नच..."

"म्हणूनच तर बघतात. चल आता, जेवण संपेल. मी पण पहिल्या वेळी रडले होते. दरवेळी असतं हे. सवय होते."

नीता रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती; पण ती आग कुणावर काढायची तेच तिला कळेना. कंपाउंडरवर? मॅडमवर? की न विचारता पेला हातात घेणाऱ्या स्वतःवर? त्या दिवशी ती जेवली नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. घरी फोन केला तेव्हा बुधीने विचारलं, "बरी हायेस ना?" ती म्हणाली, "बरी हाय."

रावते मॅडम काही कैदाशीण नव्हत्या. त्या जामसरकडच्याच, नागलीची भाकर खाऊन वाढलेल्या, त्यांच्या गावात डी.एड. झालेल्या पहिल्या बाई. कुणाला ताप आला तर स्वतःच्या स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात न्यायच्या. तीन-चार वर्षांपूर्वी वसतिगृहातली एक मुलगी दिवस गेलेले असताना घरी गेली. तिचे घरचे येऊन दारात रावते मॅडमना नको ते बोलले. तेव्हापासून संस्थेने नियम केला आणि मॅडमनी तो पाळला. त्यांना तो नियम वाईट वाटत होता की नाही, हे कुणी कधी विचारलं नाही.

दिवाळीला नीता वीस दिवस घरी होती. वाघबारस झाली, भाताची कापणी झाली, तिने आईबरोबर भारे वाहिले, झोडणी केली. निघायच्या आदल्या दिवशी तिने भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली. बुधीला वाटलं, पोरीला घर सोडवत नाही.

या वेळी रांग मोठी होती, पार रस्त्यापर्यंत आलेली. नीताच्या हातात पेला. मागे प्रगती. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली 'प्रसूतिगृह' असं ठळक लिहिलेलं. समोर एसटी आडवी झाली म्हणून माणसांनी भरलेली एक जीप तिथंच अडकली. चालकाच्या जागी रूपेश. त्याने पाटी बघितली, रांग बघितली, नीताकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. नीताने मागे वळून बघितलं तर प्रगती भिंतीकडे तोंड करून उभी, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

तिसऱ्या दिवशी मंगळू वसतिगृहाच्या दारात उभा होता. भाताची कामं टाकून आलेला. पायाला चिखल, डोळे लाल.

"कपडे भर," तो म्हणाला.

"काय झालं बाबा?"

"रूपेशने तुला बघितली. बाळंतपणाच्या दवाखान्यात. पाड्यावर सगळे बोलतात." तो थोडा थांबला, जमिनीकडे बघून म्हणाला, "खरं काय हाय ते सांग."

नीताला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, की पाडा बोलला ते चाललं असतं. पाड्याला तोंड आहे, तो बोलणारच. पण बापाने विचारलं. जिला त्याने शेतातून उचलून शाळेत नेलं, तिलाच विचारलं. ती इतकी हळू बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं.

"आत चल. मॅडमना विचार."

पुरुषांना मनाई होती तरी तिने बापाचा हात धरून त्याला ऑफिसात नेलं. मॅडम हजेरीपट घेऊन बसल्या होत्या. जिन्यावर मुली जमल्या. त्यांच्यात प्रगतीही होती.

"मॅडम, माझ्या बाबांना सांगा, मी दवाखान्यात का गेले होते."

मॅडमनी मंगळूला खुर्ची दिली. तो बसला नाही. "दादा, ते नेहमीचंच आहे," त्या म्हणाल्या. "सुट्टीवरून आल्या की मुलींची आरोग्य तपासणी होते."

"कसली?" मंगळूने विचारलं.

"सगळीच. रक्त, लघवी, ताप असतो का..."

"रक्त कुणीच घेतलं नाही, मॅडम," नीता म्हणाली. "ताप कुणीच बघितला नाही. काय बघितलं ते सांगा."

"नीता, हे सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. तुझ्याच भल्यासाठी आहे."

तिथे मात्र तिचा बांध फुटला. रस्त्यापर्यंत आडनाव ओरडून निकाल सांगणारे चालतात, दारावर कागद लावलेला चालतो, आणि एका बापाला चार शब्द सांगायची वेळ आली की यांची जीभ टाळूला चिकटते! ती बापाकडे वळली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "मी पोटुशी हाय का ते ही माणसं बघत होती, बाबा. माझंच नाय. इथं हायेत त्या सगळ्या पोरींचं. दर सुट्टीला."

मॅडमनी हजेरीपट मिटला. मंगळूला मॅडमवर ओरडायचं होतं. पण आयुष्यभर तो ऑफिसातल्या माणसासमोर टोपी काढूनच उभा राहिलेला. त्याने पोरीला एवढंच सांगितलं, "भर कपडे. इथं नाय राहायचं."

"मी काय केलंय म्हणून मी जाऊ?"

"भर."

जिन्यावरून प्रगती बघत होती. "मीही त्याच रांगेत होते, काका," एवढं एक वाक्य. ते ती बोलली नाही.

घरी नीता भात झोडत होती, पाणी आणत होती. बापाने पाड्यावर दोघा-तिघांना खरं काय ते सांगितलं होतं. पण असल्या गोष्टीत खऱ्याचे पाय लंगडे असतात. शेजारची एक म्हातारी येऊन बुधीला म्हणाली, "आता लवकर उजवून टाक पोरीला." बुधीने हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुझं झालं का बोलून? मग ऊठ." म्हातारी गेल्यावर तिने नीताला जवळ बसवलं. "तुझ्या बापाने इचारलं. मी इचारणार नाय. पण आधीच्या वेळी झालं तेव्हा मला का नाय सांगितलं?"

"काय सांगू आये? सगळ्या म्हणत, सवय होते."

"कसली सवय? मुतायची?" बुधी इतकी मोठ्याने म्हणाली की ओट्यावर बसलेला मंगळू उठून गुरांच्या वाडग्याकडे गेला.

आठवड्यानंतर नीता निघाली. कॉलेज सोडायचं नाही हे तिचं ठरलं होतं, वसतिगृहात जायचं नाही हेही ठरलं होतं. जामसरला तिची मावशी गौरा राहायची, अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्याकडून रोज एसटीने जव्हारला जाता येणार होतं. बुधीने डबा बांधून दिला. मंगळूने अडवलं नाही.

रस्त्यावर जीप उभी होती, सात-आठ माणसं बसलेली. रूपेशने तिला बघितलं आणि हॉर्नशी चाळा करत बसला. नीता सरळ त्याच्या खिडकीशी गेली.

"काय बघितलंस तू?"

"मी काय बोललो? दवाखान्यात दिसली एवढंच बोललो."

"माझ्या मागे कोण होती?"

"मला काय माहीत."

"नीट बघायचं होतंस. सगळ्या पाड्याला बातमी देणारा माणूस तू. माझ्या मागे तुझी बहीण होती. तोंडावर ओढणी घेऊन. तिच्या हातात पण पेला होता. आता तेही सांग जाऊन घरोघर."

रूपेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. क्षणभर नीताला बरं वाटलं, फार बरं, पिकलेलं गळू कुणीतरी दाबून रिकामं केल्यासारखं. ती त्या जीपमध्ये बसली नाही. पाऊण तास एसटीची वाट बघत उभी राहिली आणि तेवढ्या वेळात ते बरं वाटणं आंबट झालं.

दोन दिवसांनी कॉलेजच्या मागे, सायकली लावतात तिथे, प्रगतीने तिला गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"माझं नाव का घेतलंस? आई रडते आहे. रूपेशदादा म्हणतो, हे वर्ष संपलं की बस झालं शिक्षण. सगळ्या जीपसमोर बोललीस!"

"आणि तू जिन्यावर उभी होतीस, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"घाबरले होते मी!"

"मी नव्हते घाबरले? माझा बाप माझ्याकडे कसा बघत होता, बघितलंस ना? तू एक शब्द बोलली असतीस तर माझी ट्रंक उचलली गेली नसती. तू काय केलंस? गप्प. मला सवय करायला शिकवलीस तू, प्रगती. तुला झाली, म्हणून मला पण व्हावी."

"मग माझ्या घराला आग लावलीस तू!"

"लावली," नीता म्हणाली. "चुकलं माझं. पण मला तेव्हा बरं वाटलं. खोटं नाही बोलत."

प्रगतीने तिला ढकललं. नीताने तिला ढकललं. दोन सायकली पडल्या, त्यांच्यावर तिसरी पडली. शिपाई ओरडत आला तेव्हा दोघी वाकून सायकली उचलत होत्या आणि दोघींना धाप लागली होती. शिपाई गेल्यावर प्रगती नाक पुसत म्हणाली, "मॅडम काय म्हणतात, माहीत आहे? भोयेचा काहीतरी घोळ असणार, नाहीतर एवढी कशाला चिडली असती."

"असं म्हणाल्या?"

"मेसमध्ये. सगळ्यांसमोर."

"तुला अर्ज लिहिता येतो?"

प्रगतीला येत होता. तिचं अक्षर चांगलं, आणि 'विषय', 'संदर्भ', 'महोदय' हे सगळं तिला जमायचं. मात्र तिने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'अयोग्य स्वरूपाची तपासणी'. नीताने तो कागद फाडला. "जे आहे ते लिही. गर्भ आहे का याची तपासणी. रांगेत उभं करून. नाव ओरडून. दर सुट्टीनंतर. आणि हेही लिही, की आम्हाला विचारलं जात नाही."

सह्या गोळा करताना नीताला कळलं की राग सगळ्यांना असतो, सही थोड्यांनाच असते. वसतिगृहात सेहेचाळीस मुली. खोलीत दार लावून प्रत्येक जण म्हणायची, बरोबर आहे तुझं, मलाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. पेन पुढे केलं की एकीची आई आजारी निघायची, दुसरीला वसतिगृहाच्या यादीतून नाव जायची भीती असायची. एकजण तर म्हणाली, "ज्यांचं काही नसतं त्यांनी कशाला घाबरायचं?" तिच्या अंगावर नीता धावूनच जाणार होती, प्रगतीने हात धरला. शेवटी अकरा सह्या झाल्या. पहिली नीताची, दुसरी प्रगतीची. एक प्रत संस्थेच्या कार्यालयात गेली, एक टपालाने पालघरला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे.

महिनाभर काहीच झालं नाही. मग डिसेंबरात, परीक्षा तोंडावर असताना, पालघरहून एक महिला अधिकारी आल्या. मॅडमना बाहेर थांबवून मुलींशी बोलल्या. नीताला जामसरला बोलावणं गेलं. सही न केलेल्या मुलीही त्या दिवशी बोलल्या. एक तर अशी रडली की तिला शांत करायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी दारावरचा कागद निघाला. मॅडमकडून लेखी खुलासा मागवला गेला. संस्थेने बैठकीत म्हणे ठराव केला की असा काही नियम कधी नव्हताच.

हे ऐकून नीताचं डोकं फिरलं. नियम नव्हताच! मग त्या पट्ट्या काय हवेतून आल्या होत्या? तिला वाटलं होतं, कुणीतरी एक माणूस समोर येईल आणि म्हणेल की चुकलं. कुणी आलं नाही. रावते मॅडम एकदा बाजारात समोरासमोर भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती, चेहरा ओढलेला होता.

"बरं वाटलं तुला?" त्या म्हणाल्या. "वीस वर्षं नोकरी केली मी. नियम त्यांचा, सही माझी. आता ते म्हणतात, बाईंनी स्वतःच केलं."

"मग तुम्ही पण अर्ज लिहा, मॅडम," नीता म्हणाली. "तुमच्याकडे त्यांचं काही पत्र असेल ना? ते जोडा."

मॅडमना ते टोमण्यासारखं लागलं असावं. पण नीता तसं बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की त्यांनी लिहावं. मॅडमनी लिहिलं की नाही, ते तिला कळलं नाही.

परीक्षेत ती भौतिकशास्त्रात राहिली, बाकीचे विषय निघाले. रसायनशास्त्रात तिला वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त मिळाले. त्याचंही तिला फारसं कौतुक वाटलं नाही. राहिलेल्या पेपरचा अभ्यास ती एसटीत करायची, खिडकीला डोकं टेकून, पुटपुटत.

जानेवारीत वसतिगृहातून निरोप आला की तिची जागा आहे, परत येऊ शकतेस. गौरामावशी म्हणाली, नको जाऊस. बुधी म्हणाली, तुझं तू ठरव. नीताने जायचं ठरवलं. आपण नाही गेलो तर आपणच चुकलो होतो असं दिसेल, एवढाच तिचा हिशोब. प्रगतीचं शिक्षण अजून चालू होतं. तिच्या आईने, काळीने, मुलाला सरळ सांगितलं होतं, की गाडी चालव, घर चालवू नकोस. दोघी आता एका खोलीत राहणार होत्या. अजून त्या पहिल्यासारख्या बोलत नव्हत्या, पण भांडत मात्र नीट होत्या.

ट्रंक घेऊन मंगळू जामसरला आला. मावशीच्या घरापासून थांब्यापर्यंत दोघं चालत गेली. एसटी यायला वेळ होता. बाप ट्रंकेवर बसला, लेक उभी राहिली. समोरच्या खाचरात भाताची खुंटं वाळून पिवळी पडली होती.

"राग हाय अजून?" मंगळूने विचारलं.

"हाय."

"मॅडमचा?"

"त्यांचा पण."

मंगळूने खिशातून तंबाखू काढली, मळली नाही, परत ठेवली. "मी काय करायला पायजे होतं?"

नीताने विचार केला. उत्तर तिच्याकडे होतं, गेले दोन महिने तयार होतं. पण ते इथे रस्त्यावर बापाला सांगायला तिची जीभ रेटेना. "ते तूच शोध, बाबा," ती म्हणाली.

वळणावर एसटी दिसली. मंगळूने ट्रंक खांद्यावर घेतली, आत चढवली, मागच्या सीटखाली सरकवली आणि खाली उतरायच्या ऐवजी तिच्या शेजारी बसला. कंडक्टरने विचारलं तेव्हा म्हणाला, "दोन, जव्हार." नीताने खिडकीकडे तोंड केलं. तिने त्याला उतर म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही.